झाकण तेवढं उरलं!

मागच्या उन्हाळ्यात आमचं जुनं घर पाडायला काढलं. माळ्यावरचं सगळं सामान खाली आलं. त्यात सासूबाईंची चिनी मातीची बरणी होती. वर तपकिरी, खाली पांढरट, काठाचा टवका उडालेला. ‘आता एवढं लोणचं कोण घालतंय?’ म्हणत मी ती भंगारवाल्याला देऊन टाकली. संध्याकाळी सासूबाईंनी एवढंच विचारलं, “झाकण तरी ठेवलंस का गं?” त्यांच्या आईनं लग्नात दिलेली बरणी होती ती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे बचत गटाच्या बायकांना घेऊन पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहायला गेले. डॉ. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहालयाला दिलं आणि सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. आमच्यातली एक म्हणाली, “अहो ताई, असलं तर आमच्या माळ्यावर पडलंय!” अगदी खरं होतं तिचं.

मैत्रिणींनो, आपण ज्याला खापर म्हणून उकिरड्यावर टाकतो, त्यावरून अभ्यासक इतिहास वाचतात. संगमनेरजवळच्या जोर्वे गावात 1950-51 मध्ये उत्खनन झालं. तिथे तांबड्या रंगाची, काळ्या नक्षीची, तोटीची भांडी सापडली. तीन हजार वर्षांपूर्वीची ही भांडी इतकी छान भाजलेली, की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. बाजारात माठ घेताना आपणही टिचकी मारूनच पारखतो की!

शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी 1968 पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तिथे घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या मडक्यांच्या जोड्या मिळाल्या. आत तान्ह्या मुलांच्या अस्थी होत्या. गेलेलं लेकरू घरातच, आपल्याजवळ ठेवलेलं. हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं. त्या आयांची नावं कुठे लिहिलेली नाहीत, पण मडक्यांनी त्यांची माया जपली.

आमच्या कापूरहोळच्या धाराऊ गाडे संभाजी महाराजांच्या दूधआई, म्हणून त्यांचं नाव राहिलं. पण त्यांच्या काळात इथे चुली फुंकणाऱ्या बाकीच्या बायकांचं काय? त्यांची आठवण असलीच तर अशा खापरांतच.

म्हणून एक सांगणं. घरात जुनी बरणी, रांजण असेल तर फेकू नका. कुणाची, कुठून आली, कधीची, हे चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. त्यावर ऑइलपेंट मारू नका. झिलई तडकलेल्या जुन्या भांड्यात मात्र खायचं काही ठेवू नका. आणि शेतात, टेकाडावर खूप खापरं दिसली तर गोळा करून आणू नका, खणू तर मुळीच नका. कुठल्या थरात काय होतं, यावरूनच काळ ठरतो. जागा बदलली की ते खापर मुकं होतं. गावातल्या शिक्षकांच्या, जाणकारांच्या कानावर घाला.

आमच्या बरणीचं झाकण आता कपाटात आहे. सासूबाईंना विचारून त्यांच्या आईचं नाव मी चिठ्ठीवर लिहून ठेवलंय. इतक्या वर्षांत ते नाव मी पहिल्यांदाच विचारलं.