हरल्यानंतरचा हंगाम
(‘मैदानावरचं पुणे’ लेखमाला : लेखांक ६)

हैदराबाद, २१ मे २०१७. आयपीएलच्या अंतिम सामन्यात मुंबई इंडियन्सना जेमतेम १२९ धावा करता आल्या होत्या आणि शेवटच्या षटकात रायझिंग पुणे सुपरजायंटला ११ धावा हव्या होत्या. मिचेल जॉन्सनच्या पहिल्या चेंडूवर मनोज तिवारीनं चौकार मारला, दुसऱ्यावर तो बाद झाला, तिसऱ्यावर अर्धशतक ठोकून उभा असलेला कर्णधार स्टीव्ह स्मिथ झेल देऊन परतला. अखेरच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या. दोन झाल्या, तिसरीसाठी पळताना डॅन ख्रिश्चन धावबाद झाला. त्याच हंगामात मुंबईला तीनदा हरवलेला हा संघ चौथ्या वेळी एका धावेनं हरला. पुण्याच्या व्यावसायिक क्रीडा-इतिहासात याहून थरारक षटक सापडणं अवघड आहे. तरीही शहराच्या आठवणीत ते हवं तसं रुजलं नाही. माझ्या मते याचं कारण पराभव नव्हे. त्या पराभवानंतर संघाला पुढचा सामनाच नव्हता, हे खरं कारण. चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी निलंबित झाले म्हणून हा संघ जन्माला आला होता. ते परतले आणि हा विसर्जित झाला. एखादा क्षण संघाचा इतिहास व्हायचा तर त्याचं उट्टं काढायला, निदान त्याची सल बाळगायला, तो संघ जागेवर हवा.

पुणेरी पलटणकडे पाहिलं की हे पटतं. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हापासून हा संघ आहे, आणि पहिल्या दोन्ही हंगामांत तो तळाला होता. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत पलटण पहिल्यांदा अंतिम सामना खेळली. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे बिनीचे चढाईपटू दुखापतीमुळे बाहेर, आणि जयपूर पिंक पँथर्सनी सामना ३३-२९ असा जिंकला. फरक चारच गुणांचा. म्हणजे हैदराबादच्या त्या रात्रीसारखाच निसटता पराभव. पण इथे पुढचा हंगाम होता. प्रशिक्षक बी. सी. रमेश तेच राहिले, अस्लम कर्णधार झाला, आणि १ मार्च २०२४ रोजी, योगायोगानं पुन्हा हैदराबादेतच, पलटणनं हरियाणा स्टीलर्सना २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. मध्यंतराच्या थोडं आधी पंकज मोहितेनं एकाच चढाईत चार गुण आणले. कमी गुणांच्या, बचावावर चाललेल्या सामन्यात ती एक चढाई फार मोलाची ठरली. २०२२ चा पराभव ठाऊक नसलेल्यालाही ती उत्तम चढाई वाटेल. ठाऊक असलेल्याला मात्र ती परतफेड वाटते.

यावर कुणी म्हणेल, मोठ्या खेळीला पुढच्या हंगामाची काय गरज? १ मे २०१७ रोजी गहुंजेत गुजरात लायन्सविरुद्ध रायझिंग पुणेचे पहिले तीन गडी दहा धावांत गेल्यावर बेन स्टोक्सनं नाबाद १०३ धावा करून सामना काढला, तो कोण विसरेल? कुणी विसरणार नाही, हे मान्य. पण ती आठवते स्टोक्सची म्हणून, त्याच्या कारकिर्दीतलं एक पान म्हणून. पुण्याच्या आधीच्या आयपीएल संघाचं, पुणे वॉरियर्सचं, तर याहून वाईट झालं. तीन हंगाम खेळून हा संघ संपला आणि आज त्याचं नाव बहुतेकदा निघतं ते २३ एप्रिल २०१३ च्या बेंगळुरूतल्या सामन्यामुळे, ख्रिस गेलनं नाबाद १७५ धावा कुणाविरुद्ध केल्या हे सांगताना.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लिलावात खेळाडू इकडचे तिकडे होतात, मग संघ ‘टिकला’ म्हणजे नेमकं काय टिकलं? प्रश्न रास्त आहे. पण पलटणनं निव्वळ लिलावावर भिस्त ठेवली नाही; अस्लम आणि मोहित पदार्पणापासून तिच्याकडेच घडले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला मुलगा पलटणच्याच जर्सीत नवखा म्हणून आला आणि त्याच जर्सीत करंडक उचलणारा कर्णधार झाला, एवढं सातत्य प्रेक्षकाला पुरतं. चिवटपणाची हमी त्यातून मिळत नाही, हेही खरं: ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत पलटण पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली आणि दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. या तीन गुणांचा हिशेब मात्र अजून उघडा आहे, कारण तो चुकता करायला संघ आहे. एफसी पुणे सिटीच्या फुटबॉलप्रेमींना तशी संधी मिळाली नाही. २०१८ मध्ये उपांत्य फेरीत बेंगळुरूकडून हरलेला तो संघ पुढच्याच वर्षी बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. तो का टिकला नाही, हे पुढच्या लेखांकात पाहू.