पैदाशीचे गणित : पडद्यावरचे नॉर्न आणि गोठ्यातली देवणी

‘पैदास’ हा शब्द आपल्याकडे गोठ्यात चालतो, बैलबाजारात चालतो आणि राग आला की माणसांनाही लावला जातो. गेल्या तीस वर्षांत तो संगणकाच्या पडद्यावरही लागू पडू लागला आहे. तिथे जन्मणारे, खाणारे, शिकणारे आणि मरणारे प्राणी पाळायचे, त्यांतले मनाजोगे निवडायचे, त्यांच्या जोड्या लावायच्या आणि पुढची पिढी कशी निघते ते पाहायचे, असे खेळ निघाले आहेत. नांदेड-लातूरच्या वाचकाला हे ऐकून फारसे नवल वाटू नये. कंधार आणि देवणी या दोन तालुक्यांच्या नावाने ओळखले जाणारे दोन गोवंश याच रीतीने घडले आहेत. फरक इतकाच, की पडद्यावर जे आठवड्यात होते त्याला गोठ्यात दोन-तीन पिढ्यांची माणसे लागतात.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. आनुवंशिकी मी पुस्तकांतून शिकलो, आणि बरीचशी बाजारातल्या जाणत्या माणसांकडून. त्यामुळे हा विषय मी हिशेबाच्या अंगाने मांडणार आहे. पडद्यावरचा खेळ आपल्या गोठ्यातला एक तोटा फार स्पष्ट दाखवतो, आणि तो तोटा जमाखर्चात कुठेच लिहिलेला नसतो.

खेळ काय आहे

संगणकावरच्या निवडीचे सोपे उदाहरण १९८६ सालचे आहे. रिचर्ड डॉकिन्स यांनी ‘द ब्लाइंड वॉचमेकर’ या पुस्तकासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यात रेषांच्या आकृत्या होत्या आणि प्रत्येक आकृतीला नऊ ‘जनुके’ होती. आकृतीची थोडी थोडी वेगळी पिल्ले पडद्यावर येत. त्यांतले एक माणसाने डोळ्यांना आवडेल तसे निवडायचे आणि त्याची पुढची पिल्ले काढायची. झाडासारख्या आकृत्या मिळतील अशा अपेक्षेने बसलेल्या डॉकिन्स यांना काही पिढ्यांतच किड्यांसारख्या आकृत्या दिसू लागल्या.

खरा ‘पाळीव’ खेळ आला तो १९९६ साली. त्याच वर्षी जपानमधून तामागोची आली. तिला वेळेवर खाऊ घालावे लागे, पण त्या पहिल्या तामागोचीत पैदास नव्हती. इंग्लंडमधल्या सायबरलाइफ कंपनीच्या ‘क्रीचर्स’मध्ये ती होती. स्टीव्ह ग्रँड या खेळाचा कर्ता. त्यातल्या प्राण्याला नॉर्न म्हणतात. नॉर्नच्या डोक्यात सुमारे हजार कृत्रिम चेतापेशींचे जाळे असते. भूक, वेदना, भीती यांच्यासाठी अंगात वेगवेगळी ‘रसायने’ असतात. मेंदू कसा बांधायचा, कोणते रसायन किती वेगाने विरायचे, वयात कधी यायचे, हे सारे तीनशेहून अधिक जनुकांच्या एका माळेत लिहिलेले असते. नर-मादीचे मीलन झाले की दोघांच्या माळा तुटून एकमेकींत जोडल्या जातात आणि अंड्यातून नवी माळ बाहेर पडते. कधी एखादे जनुक दोनदा उतरते, कधी गळते, कधी बदलते.

नॉर्नला गुदगुल्या करून शाबासकी देता येते, चापट मारून शिक्षा करता येते, शब्द शिकवता येतात. मात्र शिकलेले काहीही पिल्लात उतरत नाही. आपल्याकडेही औताला तरबेज असलेल्या बैलजोडीच्या घराण्यातला गोऱ्हा नव्याने जुवाखाली घालून शिकवावाच लागतो. वारशात उतरते ती शिकण्याची ताकद आणि अंगची घडण.

आपल्या गोठ्यात काय झाले

लाल कंधारीचा रंग गडद लाल असतो. फिक्या लालपासून जवळजवळ तपकिरीपर्यंत छटा आढळतात, आणि वळू गाईपेक्षा थोडा अधिक गडद असतो. डोळ्यांभोवती काळी कडा असते. या वंशाची परंपरा सांगताना लोक चौथ्या शतकातल्या सोमदेवराय राजाचे नाव घेतात. ते आख्यायिकेत सोडले, तरी इतका एकसारखा रंग अनेक पिढ्यांच्या निवडीवाचून येत नाही, हे उघड आहे.

देवणीची गोष्ट निराळी. गीर, डांगी आणि स्थानिक जनावरे यांच्या मिश्रणातून ती घडली, असे अभ्यासक मानतात. पुढे आलेले कपाळ आणि लोंबते कान पाहिले की गीरची आठवण येतेच. तिच्यात तीन रंगप्रकार आहेत. अंग पांढरे आणि तोंड काही भागात काळे तो वानेरा, अंगभर काळे-पांढरे ठिपके असलेला शेवरा, आणि जवळजवळ पूर्ण पांढरा तो बालंक्या. देवणीकडून दूध आणि ओढकाम या दोन्हींची अपेक्षा ठेवली गेली. लाल कंधारी मुख्यतः ओढकामाची.

ही निवड करणाऱ्यांकडे जनुकांची माळ नव्हती. त्यांच्याकडे दोन कसोट्या होत्या. पहिली डोळ्यांची : रंग, शिंगे, वशिंड, खूर, चाल. दुसरी कामाची : मृगाच्या आधीच्या उन्हात नांगर ओढताना कोणता बैल धापा टाकतो, कोणता कडब्यावर भागवून घेतो, कोणता माणसावर जातो. कामाच्या कसोटीला उतरलेल्या घराण्यातला गोऱ्हा वळू म्हणून राखायचा आणि बाकीचे बडवून बैल करायचे, एवढाच नियम होता. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत जनावराला मिळणारी किंमत म्हणजे या दोन कसोट्यांचा एकत्रित निकाल असे.

निवडीचे उत्पन्न

निवडीतून किती फळ मिळेल याचे सूत्र सोपे आहे. निवडलेली जनावरे कळपाच्या सरासरीहून जितकी वरचढ असतील, त्या फरकाला त्या गुणातल्या वारशाच्या वाट्याने गुणायचे. एक कल्पित उदाहरण घेऊ. कळपाची सरासरी रोज तीन लिटर दूध आहे आणि आपण निवडलेल्या गाई पाच लिटर देतात. फरक दोन लिटरचा. दुधात वारशाचा वाटा साधारण पाव धरतात, उरलेला चारा, पाणी, निगा आणि नशीब यांचा. म्हणजे पुढच्या पिढीत वाढ अर्ध्या लिटरची, तीही वळू तितक्याच चांगल्या घराण्यातला असेल तर. वळू कसाही घेतला तर पाव लिटरच.

देशी गाईची पहिली वेत साधारण चार वर्षांनी होते. एक पिढी पाच वर्षांची धरली तर पन्नास वर्षांत दहा पिढ्या होतात. नॉर्नचे आयुष्य काही तासांचे, त्यामुळे दहा पिढ्या पाहायला एक आठवडा पुरे. शेतकऱ्याला जे हयातभरात नीट दिसत नाही ते खेळणाऱ्याला सुट्टीत दिसते. या खेळांचा खरा उपयोग मला इथे वाटतो.

न मोजलेल्या गुणाचे काय होते

१९९४ साली कार्ल सिम्स यांनी संगणकात ठोकळ्यांचे प्राणी उत्क्रांत केले. जो वेगाने सरकेल तो निवडायचा, असा नियम होता. काही प्राणी चालायला शिकण्याऐवजी उंच वाढले आणि नुसते कोसळू लागले, कारण कोसळतानाही वेग मिळतो. नियमाने वेग मागितला होता. ‘पायांवर चाल’ असे त्यात कुठे म्हटले नव्हते.

आता गोठ्याकडे वळू. ट्रॅक्टर आला आणि ओढकामाची कसोटी बहुतेक गावांतून उठली. आज वळू ठरतो तो रंगावर, देखणेपणावर आणि आईच्या दुधावर. उन्हात टिकणे, खुरांची मजबुती, हलक्या चाऱ्यावर भागवणे हे गुण कोणी मुद्दाम टाकून दिलेले नाहीत. त्यांची परीक्षा घेणारे काम मात्र गेले. ज्या गुणाची परीक्षा होत नाही, तो पिढ्यांगणिक कुठेही वाहत जाऊ शकतो. प्रदर्शनात पहिला आलेला शेवरा आणि दुष्काळात टिकणारा शेवरा रंगावरून सारखेच दिसतात.

संकराने हा प्रश्न सुटत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात होल्स्टीन फ्रिजियन आणि देवणी यांच्या मिश्रणातून ‘होलदेव’ तयार झाली, आणि दूध वाढवण्याचा तो अभ्यासपूर्ण मार्ग आहे. पण गावोगाव बेहिशेबी संकर झाला, की पहिली पिढी जोमदार निघते आणि पुढच्या पिढ्यांत गुण विखुरतात. मग मागे वळायला शुद्ध देवणी शिल्लक हवी.

वळू किती आहेत ते मोजा

कळपात ४०० गाई आणि ४ वळू आहेत, असे समजा. डोकी ४०४. पण प्रत्येक वासराचा अर्धा वारसा त्या चौघांपैकी एकाकडून येतो. म्हणून वारशाच्या हिशेबात कळप किती मोठा आहे हे काढताना वळूंची आणि गाईंची संख्या गुणायची, चारने गुणायचे आणि एकूण डोक्यांनी भागायचे. उत्तर येते सुमारे १६. चारशे गाई असूनही हा कळप वारशाच्या दृष्टीने सोळा जनावरांचा! तितक्याच गाईंना २० वळू ठेवले तर उत्तर ७६ होते. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनात हा आकडा निदान ५० असावा असे धरतात. ४०० गाईंमागे त्यासाठी १३ वळू लागतील, तेही एकमेकांचे भाऊबंद नसलेले आणि सारखे वापरलेले. कृत्रिम रेतनात एकाच वळूचे वीर्य हजारो गाईंपर्यंत जाऊ शकते. म्हणून हा हिशेब आता पूर्वीपेक्षा जास्त कडक ठेवायला हवा.

हे पटवून घ्यायला संगणक लागत नाही. पिशवीत सहा चिंचोके घ्या, तीन चुन्याने रंगवलेले आणि तीन साधे. डोळे मिटून एक काढा, रंग लिहा, परत टाका. असे सहा वेळा केले की पुढची पिढी ठरली. त्या प्रमाणात पिशवी पुन्हा भरा आणि तेच करत राहा. साधारण आठ-दहा पिढ्यांत एक रंग कायमचा नाहीसा होतो. त्या रंगात खोट नव्हती आणि कोणी तो नाकारलाही नव्हता. संख्या लहान, म्हणून तो गेला. सहाऐवजी साठ चिंचोके घेतले तर हेच व्हायला दहापट काळ लागतो.

पडदा आणि गोठा यांतले अंतर

खेळ आणि गोठा सगळ्या बाबतींत सारखे नाहीत. नॉर्नजवळ जनुकांची एकच माळ असते. गाईजवळ प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. त्यामुळे दोष एका प्रतीत लपून अनेक पिढ्या प्रवास करू शकतो आणि जवळच्या नात्यात जोडी लागली की वासरात दुहेरी होऊन उघडा पडतो. बाप-लेकीची जोडी टाळण्याची जुन्या लोकांची सावधगिरी याच कारणाने बरोबर होती.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा आहे. नॉर्नची फाईल जपून ठेवता येते, मित्राला पाठवता येते. प्रयोग फसला तर मागच्या आठवड्याची फाईल उघडायची. आपल्याकडे त्याच्या जवळपास जाणारी सोय म्हणजे गोठवलेले वीर्य. १९८४ साली स्थापन झालेली पशू आनुवंशिक संसाधनांची राष्ट्रीय संस्था कर्नालला आहे आणि तिथे अशी पेढीही आहे. ती असावीच. पण कांडीतून वासरू मिळते, त्याला पारखणारा डोळा मिळत नाही. कोणत्या घराण्यातला गोऱ्हा राखायचा हे सांगणारी माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत, आणि त्यांचे ज्ञान कुठल्याही फायलीत नाही.

म्हणून माझी सूचना हिशेबनिसाला शोभेल अशीच आहे. ज्याच्या दावणीला देवणी किंवा लाल कंधारी आहे त्याने दोनशे पानी वही घ्यावी आणि चार रकाने आखावेत : वासराची आई, वासराचा बाप, आईचे दूध, आणि मागच्या उन्हाळ्यात ते जनावर कसे टिकले. चौथा रकाना बाजारात कोणी विचारणार नाही, पण तोच सर्वांत आधी भरावा. माळेगावच्या प्रदर्शनात परीक्षकांनी रंग जरूर पाहावा, आणि पाहून झाला की वळूच्या मालकाला त्याच्या लेकींची वही मागावी.