वकील व्हायचे आहे? मग आधी परीक्षा समजून घ्या!

बारावीचे वर्ष आले की वस्तीवस्तीतून एकच प्रश्न कानी येतो : वकिलीच्या प्रवेश परीक्षेसाठी कोणता क्लास लावावा? फीसाठी आई डोरले गहाण टाकते, बाप पतसंस्थेचे कर्ज काढतो. आमचे म्हणणे एवढेच की, क्लास निवडण्याआधी परीक्षा समजून घ्या.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या 'क्लॅट'चे स्वरूप २०२० पासून बदलले. आता उतारा देतात आणि त्यावर प्रश्न विचारतात. कायद्याच्या विभागातही नियम उताऱ्यातच असतो. तो प्रसंगाला लावून दाखवायचा. म्हणजे गाईडमधली कलमे घोकून भागत नाही. २०२४ च्या प्रवेशापासून पदवीच्या पेपरात १२० प्रश्न आणि वेळ दोन तास. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. पेपर फक्त इंग्रजीत. मराठी शाळेतल्या आपल्या मुलामुलींची खरी लढाई इथे आहे, आणि ती दोन महिन्यांच्या 'क्रॅश कोर्स'ने जिंकता येत नाही.

त्यासाठी अकरावीपासून रोज इंग्रजी वृत्तपत्राचा अग्रलेख वाचावा व त्याचा सारांश स्वतःच्या चार ओळींत लिहावा. जुने पेपर घड्याळ लावून सोडवावेत. जेवढा वेळ पेपरला, तेवढाच चुका तपासायला द्यावा. शब्द अडला, नियम चुकीचा लावला की घाई नडली, हे वहीत नोंदवावे. राज्याच्या विधी सीईटीचे गणित वेगळे. तिथे मराठीचीही सोय आहे आणि चुकीला गुण कापत नाहीत. म्हणून तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नये.

क्लासला आमचा विरोध नाही. शंका विचारायला जाणकार हवाच. परंतु सगळा भार एकट्या पोरावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. २०२५ च्या क्लॅटला अनुसूचित जातीच्या उमेदवाराला नुसत्या अर्जासाठी ३५०० रुपये मोजावे लागले. बाबासाहेब १९२२ साली बॅरिस्टर झाले. त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय काढले. मग जयंतीच्या वर्गणीतून विहारात एक इंग्रजी वृत्तपत्र, जुन्या पेपरांचा संच आणि गरजूंचे अर्जशुल्क आपल्याला झेपणार नाही काय? वकील बांधवांनी व भगिनींनी दर रविवारी दोन तास विहारात बसावे. आम्ही बसायला तयार आहोत.

१९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा पुस्तकात आहेच. तो न्यायालयात पीडितांच्या बाजूने लढवणारी माणसे आपल्यालाच घडवावी लागतील.

जयभीम!