सपाट जागेचा मालक कोण?

डोंगराळ मुलुखात नदीकाठी तंबू ठोकायचा तर माणसाची नजर आधी सपाट जमीन शोधते. दगडगोटे नकोत, उतार नको, पाठीखाली वाळू नाहीतर गवत असावं आणि पाणी चार पावलांवर. तशी जागा दिसली की खांद्यावरची सॅक आपोआप खाली येते. पण आजूबाजूला सगळं उतरणीला लागलेलं असताना हा एवढा एकच तुकडा सपाट कसा, हे कुणी फारसं विचारत नाही. तो नदीनं केलेला असतो. पुराचं पाणी काठाबाहेर पसरलं की त्याचा वेग मोडतो आणि त्यातला गाळ खाली बसतो. शेकडो पूर आले आणि ओसरले की थरावर थर चढून अशी गादी तयार होते. आपण जिथे पथारी पसरतो ती जमीन नदीच्या पात्राचाच भाग असते. नदी तिथे रोज येत नाही, एवढंच.

हे फार मोठ्या प्रमाणावर पाहायचं असेल तर कॅलिफोर्नियातली योसेमिटी दरी पाहावी. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे जवळजवळ उभे कडे आणि मधे अगदी सपाट तळ, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटरवर. हिमनद्यांनी ही दरी आजच्यापेक्षा कितीतरी खोल खणली होती. बर्फ मागे हटलं आणि नंतर शेकडो मीटर जाडीच्या गाळानं ती भरून निघाली. त्या भरावावरून आज मर्सिड नदी वळणं घेत वाहते आणि तिच्या आसपास पाइन वृक्षांच्या सावलीत अप्पर पाइन्स, लोअर पाइन्स आणि नॉर्थ पाइन्स हे मुक्कामाचे तळ आहेत. तिथे तंबूही लागतात आणि आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरंही उभी राहतात. बे एरियात राहणारी मराठी कुटुंबं चार-पाच तास गाडी हाकून तिथे जातात आणि देशातून आलेल्या आईवडिलांनाही नेतात.

याच दरीत एकेकाळी अप्पर रिव्हर आणि लोअर रिव्हर नावाचे आणखी दोन तळ होते. नदीला अगदी लगटून असल्यामुळे ते लोकांचे लाडके. १९९७ च्या जानेवारीत उबदार वादळ आलं आणि उंचावर जिथे बर्फ पडायला हवं होतं तिथे, आधीच साचलेल्या बर्फावर, पाऊस कोसळला. पाऊस आणि वितळलेलं बर्फ एकदमच खाली आलं. दरी दोन महिन्यांहून अधिक काळ बंद ठेवावी लागली आणि ते दोन्ही तळ पुन्हा पूर्वीसारखे कधीच उभे राहिले नाहीत. त्या पुराची पातळी दाखवणाऱ्या पाट्या दरीत लावल्या आहेत. पाटीशेजारी उभं राहून मान वर करून पाहावं लागतं, तेव्हा सांगलीकरांना आयर्विन पुलावरचे पुराच्या पातळीचे फुटांचे आकडे आठवल्याशिवाय राहणार नाहीत.

पण मर्सिडची खरी गंमत पुरात नाही, ती साध्या, निरभ्र दिवसांत आहे. मे-जूनमध्ये वरच्या डोंगरांतलं बर्फ वितळू लागतं. सर्वांत जास्त वितळतं ते दुपारी, उन्हाच्या तडाख्यात. ते पाणी ओढ्यांमधून, कड्यांवरून कोसळत दरीत पोचेपर्यंत कित्येक तास जातात. त्यामुळे आकाशात ढगाचा टिपूस नसताना नदी रात्री चढते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरते. आज दुपारी डोंगरावर पडलेलं ऊन रात्री तुमच्या तंबूशेजारून पाणी होऊन वाहत असतं! ज्या वर्षी बर्फ भरपूर, त्या वर्षी नदीकाठच्या काही जागा वसंतात बंद ठेवाव्या लागतात. बर्फाचा विक्रम झाला त्या २०२३ सालीही हेच घडलं.

सगळ्याच नद्या इतक्या सावकाश आणि वेळापत्रकाप्रमाणे चढत नाहीत. अमेरिकेतल्याच आर्कान्सा राज्यातल्या आल्बर्ट पाइक तळावर ११ जून २०१० च्या पहाटे लिटल मिसुरी नदी काही तासांत सुमारे ६ मीटर चढली. तळ अरुंद खोऱ्यात होता, माणसं झोपेत होती. वीस जण दगावले. स्पेनमधल्या बियेस्कास गावाजवळचा तळ तर नदीकाठी नव्हताच. तो होता डोंगरातून उतरणाऱ्या एका ओहोळाच्या तोंडाशी, गाळाच्या पसरट उंचवट्यावर. डोंगरातून बाहेर पडल्याबरोबर ओहोळाचा जोर ओसरतो आणि वाहून आणलेला माल तो पंख्याच्या आकारात पसरून टाकतो. असा पंखा दिसायला सुरेख, निचरा होणारा, हलक्या उताराचा असतो. ७ ऑगस्ट १९९६ ला त्या ओहोळानं आपला माल पुन्हा तिथेच आणून टाकला आणि ८७ माणसं गेली. तेव्हा पाणी किती दूर आहे, एवढं मोजून भागत नाही. ही जमीन इथे कुणी आणून टाकली, हे पाहावं लागतं.

खुणा वाचायला शिकलं की हे फारसं अवघड नाही. झुडपांच्या फांद्यांत डोक्याइतक्या उंचीवर वाळलेलं गवत, काटक्या, प्लास्टिक अडकलेलं असेल तर पाणी तिथवर आलं होतं. खोडांच्या एकाच बाजूची साल खरवडलेली असेल तर ओंडके वाहत येऊन तिथे आपटले आहेत. झाडं सगळी एकाच वयाची आणि कोवळी असतील तर त्यांच्या आधीची वाहून गेली असावीत. आपल्याकडे हेच काम कागदावर पूररेषा करते. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपण ती घर बांधताना आठवतो. तंबू ठोकतानाही आठवायला हरकत नाही.

नदीचा दुसरा स्वभाव रात्री कळतो. थंड हवा गरम हवेपेक्षा जड असते. सूर्य मावळला की उतारांलगतची हवा गार होते आणि उतारावरून खाली सरकत जाऊन सर्वांत खोल जागी साचते. ती खोल जागा बहुधा नदीचीच असते. याच्या जोडीला निरभ्र आकाश. रात्री जमीन, गवत, तंबूचं कापड, सगळं आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतं आणि आसपासच्या हवेहूनही थंड होतं. मग हवेतली वाफ त्यावर दव होऊन बसते. हिवाळ्यात महाबळेश्वरच्या बाजारपेठेत पारा शून्याच्या बराच वर असताना वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. कारण हेच. सखल जागेत साचलेली गार हवा आणि वर उघडं आकाश.

तंबू काठापासून थोडा वर, उतारावरच्या पायरीसारख्या जागेवर लावला की रात्र लक्षात येण्याइतकी उबदार जाते. वर झाडाचं छत असेल तर आणखी बरं. पानं आकाशाइतकी थंड नसतात. ती तंबूकडे थोडी उष्णता परत पाठवतात आणि सकाळी कापड कोरडं निघतं. त्याच रात्री उघड्या गवतावरचा तंबू पिळून घ्यावा लागतो.

मग झाडाखालीच का जाऊ नये? जावं, पण आधी मान वर करून पाहावं. कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६ च्या दुष्काळात आणि त्यापाठोपाठ आलेल्या साल पोखरणाऱ्या भुंग्यांमुळे १० कोटींहून अधिक झाडं वाळली. वाळलेलं झाड वाऱ्याची वाट पाहतं, हे समजण्यासारखं आहे. थक्क करणारी गोष्ट वेगळीच. उन्हाळ्यात, वारा अजिबात नसताना, हिरवीगार दिसणारी जाडजूड फांदीसुद्धा कधीकधी कडाडून तुटते. वृक्षतज्ज्ञ हे कित्येक वर्षं पाहत आले आहेत, पण त्याचं पूर्ण कारण अजून उलगडलेलं नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये अप्पर पाइन्समध्ये पहाटे ओकची फांदी तंबूवर कोसळली आणि दोन किशोरवयीन मुलं गेली. म्हणून सर्वांत डेरेदार झाडाच्या थेट खाली तंबू न लावता, आडव्या पसरलेल्या मोठ्या फांद्या टाळून त्याच्या सावलीच्या कडेला लावावा. दुपारची सावली तिथेही मिळते.

झाड माणसाला धोक्याचं असतं, त्याहून जास्त माणूस झाडाला. हे पहिल्यांदा नीट दाखवून दिलं ई. पी. माइनेके या अमेरिकन वनस्पतिरोगतज्ज्ञानं. १९२० च्या दशकात मोटारी स्वस्त झाल्या, माणसं जंगलात लोटली आणि वाटेल तिथे गाडी घालून तंबू ठोकू लागली. कॅलिफोर्नियातले प्रचंड रेडवूड वृक्ष आजारी का पडताहेत, हे पाहायला माइनेके गेले तेव्हा दोषी कीड नव्हती, बुरशीही नव्हती. दोष पावलांचा आणि चाकांचा होता. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं मातीच्या वरच्या थरातच असतात. ती माती तुडवली गेली की चोपणीनं चोपलेल्या खळ्यासारखी घट्ट होते, तिच्यातली हवेची पोकळी मिटते, पाणी आत मुरेनासं होतं. दोन हजार वर्षांचा वृक्ष शेकडो सुट्टीकरांच्या बुटांपुढे हतबल होतो.

माइनेकेंनी १९३२ साली यावर तोडगा लिहून काढला, तो इतका साधा की आज कुणाच्या लक्षातही येत नाही. एकेरी वाहतुकीचा गोल रस्ता, त्याला तिरपे फुटलेले गाडीपुरते फाटे, प्रत्येक फाट्याशी एक पक्कं टेबल, एक चूल आणि तंबूची नेमून दिलेली जागा. अडसर म्हणून मोठे दगड किंवा झाडं ठेवायची, म्हणजे गाडी पुढे घुसूच शकत नाही. सगळ्यांची पावलं त्याच थोड्या जमिनीवर पडतात आणि बाकीचं जंगल श्वास घेतं. जगभरातल्या अनेक तळांचा नकाशा आज असाच असतो. झाडांच्या डॉक्टरनं झाडांसाठी लिहिलेलं हे औषध आपण मात्र पर्यटकांची सोय म्हणून वापरतो. आपल्याला दिलेल्या चौकोनाबाहेर तंबू सरकवण्याचा मोह झाला की एवढं आठवावं.

आता चाकांवरच्या घरांकडे वळू. महाराष्ट्रानंही २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे हा विषय आता फक्त अमेरिकेचा राहिलेला नाही. आरव्हीवाल्याला जागा सपाट हवी असते ती केवळ पलंग कलू नये म्हणून नव्हे. अनेक आरव्हींमधला फ्रिज गॅसच्या ज्योतीवर चालतो. आगीनं बर्फ करणारा हा फ्रिज बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ साली शोधला. ज्योत पाण्यात मिसळलेला अमोनिया उकळवते, त्याची वाफ वर जाऊन थंड होते, द्रवरूप होते, हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा बाष्प होते आणि जाताना आतली उष्णता घेऊन जाते. ना पंप, ना मोटर. हे सगळं चक्र फिरतं केवळ ज्योतीच्या उष्णतेवर आणि गुरुत्वाकर्षणावर. म्हणून गाडी फार कललेली असेल तर नळ्यांमध्ये द्रव अडकून बसतो, फ्रिज थंड करायचं थांबतो आणि तसाच चालू ठेवला तर बिघडतो. नव्या गाड्यांमध्ये कॉम्प्रेसरचे फ्रिज येऊ लागले आहेत, त्यांना ही अडचण नाही. भाड्यानं आरव्ही घेताना कोणता फ्रिज आहे, हे विचारावं.

शिवाय आरव्हीच्या गरजा तंबूहून निराळ्या. वळायला रुंद रस्ता, टपाला न लागतील इतक्या उंच फांद्या, सांडपाणी सोडायची सोय. योसेमिटी दरीतल्या एकाही जागेला वीज-पाण्याची थेट जोडणी नाही आणि जनरेटर ठरावीक तासांतच लावता येतो. जोडणी हवी असेल तर उद्यानाबाहेरचा खासगी तळ बरा. दाट जंगलातली सावली सोलर पॅनेलला उपाशी ठेवते, हेही आरव्हीवाल्यांना अनुभवानंच कळतं.

राहता राहिलं अस्वल. दरीतल्या प्रत्येक जागेला लोखंडी पेटी असते. खाणं, टूथपेस्ट, साबण, वास येणारं सगळं तिच्यात ठेवायचं, रात्री गाडीत ठेवायला बंदी आहे. १९९८ साली अस्वलांनी तिथे पंधराशेहून अधिक वेळा उपद्रव केला, त्यात गाड्यांची दारं वाकवून उघडण्याचे प्रकार पुष्कळ होते. पेट्यांची सक्ती आणि लोकशिक्षण वाढलं तसा हा आकडा कितीतरी खाली आला. चिवड्याची पुडी गाडीत विसरू नका.

निवड करायची झाली तर माझं मत स्पष्ट आहे. नदी ऐकू यावी, दिसावी, पण तंबू तिच्यापासून निदान साठ मीटर, म्हणजे साधारण सत्तर पावलं मागे आणि काहीसा वर असावा. आखलेल्या तळावर एवढं अंतर मिळालं नाही, तर निदान पुराच्या खुणांच्या वरची जागा मागावी. डोक्यावर निरोगी झाडाची कड असावी. सकाळचं ऊन ज्या बाजूनं येतं ती बाजू मोकळी असावी, म्हणजे दव लवकर वाळतं. पोचल्यावर तिथल्या रेंजरला किंवा आपल्याकडे गावातल्या जाणत्या माणसाला एकच प्रश्न विचारावा, पाणी शेवटचं कुठवर आलं होतं? आणि योसेमिटीलाच जायचं असेल तर दरीतल्या बहुतेक जागांचं आरक्षण पाच महिने आधी, १५ तारखेला, तिथल्या सकाळी ७ वाजता उघडतं. तिथे उन्हाळी वेळ चालू असेल तर भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात. जागा काही मिनिटांत संपतात, त्यामुळे कोणता तळ हवा हे आधीच ठरवून बसा.