सांधेरोपणानंतरची वेदना आणि तिचे नियोजन

इंग्लंडमधील राइटिंग्टन येथील रुग्णालयात जॉन चार्न्ली यांनी १९६२ साली खुब्याचा टिकाऊ कृत्रिम सांधा बसविला आणि सांधेरोपणाचे आधुनिक पर्व सुरू झाले. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया गुडघ्याची म्हणूनच अधिक परिचित आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. आज आमच्या विद्यार्थ्यांच्या आज्या आणि आमचे निवृत्त सहकारी या शस्त्रक्रियेतून जात आहेत. खर्चाची चौकशी सारेच करतात. नंतरच्या वेदनेविषयी मात्र क्वचितच कोणी विचारतो.

गुडघेरोपणात मांडीच्या व नडगीच्या हाडांची झिजलेली टोके कापून त्यांवर धातूचे आवरण बसवितात व मध्ये विशिष्ट प्लास्टिकची चकती ठेवतात. कापलेले हाड व भोवतालचे स्नायू भरून येईपर्यंत दुखणे स्वाभाविक आहे. पहिल्या दिवशी रुग्ण निवांत दिसतो, तो बहुधा भुलीचा प्रभाव असतो. तो ओसरताच कळ झपाट्याने वाढते. म्हणून वेदनाशामक औषध त्याआधीच सुरू करावे लागते.

येथेच आपल्या माणसांचा स्वभाव आडवा येतो. जिने जन्मभर खुरपणी केली, डोक्यावरून ओझी वाहिली, त्या माउलीला दुखते असे म्हणणे कमीपणाचे वाटते. चिठ्ठीवर ‘दर सहा तासांनी’ लिहिलेले असते आणि ती म्हणते, “फारच दुखलं तर घेईन.” या सोसण्याचे कौतुक करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुखते म्हणून गुडघा वाकविला जात नाही. न वाकविल्याने आत व्रणाचे तंतू धरतात आणि सांधा आखडतो. पहिले सहा आठवडे त्या दृष्टीने मोलाचे. ते वाया गेले, तर काही वेळा पुन्हा भूल देऊन गुडघा वाकवावा लागतो. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी घेतली, तर व्यायाम सुसह्य होतो.

एकाच औषधावर भार न टाकता निरनिराळ्या प्रकारची औषधे थोड्या प्रमाणात एकत्र देण्याची आज पद्धत आहे. पॅरासिटामॉल हा त्यांचा पाया. प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या. कृश व्यक्तीला वा यकृताच्या रुग्णाला त्याहून कमी. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही हेच औषध असते, हे ध्यानात ठेवावे. सूज उतरविणाऱ्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंड, जठर व हृदय यांना बाधू शकतात. रक्त पातळ करणारे औषध चालू असता रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुकानातून त्या परस्पर आणू नयेत. ट्रॅमाडॉलने चक्कर व बद्धकोष्ठ होतो. ते डॉक्टर सांगतील तितकेच दिवस घ्यावे.

बर्फ फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटे ठेवल्यास सूज व ठणका दोन्ही उतरतात. उशी गुडघ्याखाली घेतली की बरे वाटते खरे, पण त्याने पाय वाकडा राहतो. ती टाचेखाली घ्यावी. शेजारणी तेल चोळायला येतील, त्यांना प्रेमाने थांबवावे. पोटरीतील शिरेत रक्ताची गुठळी असेल, तर चोळणे घातक ठरू शकते.

दुखणे आठवड्यागणिक कमी व्हावे. व्यायामानंतर वाढलेले दुखणे रात्रीत निवले, तर चिंता नको. परंतु पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला वा जखमेतून स्राव आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. धाप लागली वा छातीत दुखले, तर क्षणाचाही विलंब नको.

ज्या घरात आजीला चिठ्ठी वाचता येत नाही, तेथे हे काम शाळेत जाणाऱ्या नातीकडे द्यावे. एका वहीत गोळीची वेळ लिहावी आणि शेजारी शून्य ते दहा यांपैकी आजी सांगेल तो वेदनेचा आकडा. ती वही पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ठेवावी.