संमिश्र अध्यापनातील इंग्रजी श्रवण तासिका आणि विद्यार्थ्यांचा सहभाग

प्रस्तावना :
श्रवण, भाषण, वाचन व लेखन या चार भाषिक कौशल्यांपैकी श्रवण हे आपल्या महाविद्यालयांत सर्वाधिक उपेक्षित राहिले आहे. मार्च २०२० मधील टाळेबंदीने तासिका पडद्यावर नेल्या. पुढे मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने संमिश्र अध्यापनाविषयी संकल्पना-टिपण प्रसृत करून अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकविण्याची कल्पना मांडली. अशा व्यवस्थेत श्रवण तासिकेतील विद्यार्थ्याचा 'सहभाग' कशास म्हणावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सहभागाचे स्वरूप :
फ्रेडरिक्स, ब्लूमेनफेल्ड व पॅरिस यांनी २००४ मध्ये सहभागाचे वर्तनात्मक, भावनिक व बोधात्मक असे तीन प्रकार सांगितले. हजेरी, लॉग-इनची नोंद, ध्वनिफीत किती मिनिटे चालली, या तपशिलांतून फक्त पहिला प्रकार मोजला जातो. लेखनाच्या तासाला निदान वही पाहता येते. श्रवणाच्या तासाला मात्र एकाग्रतेने ऐकणारा आणि दुसऱ्याच वाक्याला धागा हरवून बसलेला, दोघेही सारखेच शांत दिसतात.

अडचण कोठे आहे?
मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पुष्कळ शब्द लिखित रूपात परिचित असतात. बोलण्याच्या ओघात ते ओळखू येत नाहीत. इंग्रजीतील आघातहीन स्वर बोलताना आखडतात. 'कप ऑफ टी' मधला 'ऑफ' जवळजवळ नाहीसा होतो आणि कानावर 'कपटी'सारखे काहीतरी पडते! वर्गात ध्वनिफीत सर्वांसाठी एकाच वेगाने चालते. दोन-तीन हुशार विद्यार्थी उत्तरे देतात, उरलेले ती उतरवून घेतात आणि सहभागी म्हणून गणले जातात. उत्तर बरोबर की चूक एवढेच पाहणाऱ्या या पद्धतीवर जॉन फील्ड यांनी २००८ मध्ये टीका केली. ऐकण्यात नेमके कोठे अडले, हे त्यांच्या मते महत्त्वाचे आहे.

संमिश्र पद्धतीचा खरा लाभ येथेच आहे. घरी ध्वनिफीत थांबविता येते, मागे नेता येते आणि न समजल्याची लाज वाटत नाही. म्हणून ऐकणे घरी आणि चुकीच्या ऐकण्याची चर्चा वर्गात, अशी विभागणी अधिक योग्य होय. अर्ध्या मिनिटाचा उतारा ऐकून जसा ऐकू आला तसा लिहावा, शंकास्थळे अधोरेखित करावीत, आणि प्राध्यापकांनी तीच स्थळे पुढील तासाला फळ्यावर घ्यावीत.

याउलट, निम्मे विद्यार्थी वर्गात व निम्मे पडद्यावर ही एकाच वेळची रचना श्रवणास सर्वांत घातक आहे. वर्गातील ध्वनिवर्धकाचा आवाज मायक्रोफोनमधून दूरस्थ विद्यार्थ्यापर्यंत घुमतच पोहोचतो. त्याला ध्वनिफीत स्वतंत्रपणे पाठवावी. चित्रफितीच्या तुलनेत तिला डेटाही कमी लागतो. शिवाय चित्रफितीखाली उपशीर्षके असली की विद्यार्थी ऐकणे सोडून वाचू लागतो. चुकीच्या ऐकण्याचे गुण कापले, तरी तो संहिता शोधून उतरवितो. या कार्याचे गुण त्यामुळे अचूकतेस न देता, अडलेले स्थळ प्रामाणिकपणे दाखविण्यास द्यावेत.