फोनवरचा ‘जीटीए ६’ आणि पीथमपूरची झाकलेली गाडी

बेटम्याला बहिणीकडे गेलो की भाचा आधी फोन पुढे करतो. या खेपेला त्यात ‘जीटीए ६’ होता. “मामा, अंदरवाला व्हर्जन आहे, कंपनीच्या आतला!” कुण्या मित्राने पाठवलेली एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर अ‍ॅप टाकायची फाइल. उघडली तर एक पट्टी सरकत बसली आणि मेसेज वाचायची परवानगी मागू लागली. आधी ती काढायला लावली. हा गेम जाहीर झालाय तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एससाठी, फोनसाठी नाहीच. शिवाय कन्सोलच्या कच्च्या बिल्डला, म्हणजे अपुऱ्या आवृत्तीला, बहुधा डेव्हकिट हे गेम बनवणाऱ्यांचं खास यंत्र लागतं, आणि ते दुकानात मिळत नाही.

“पण लीक झालेला ना? किती भंगार दिसत होता!” हे मात्र खरं. सप्टेंबर २०२२ मध्ये हा गेम बनवणाऱ्या रॉकस्टारच्या यंत्रणेत शिरून कुणीतरी ९० व्हिडिओ बाहेर टाकले आणि कंपनीने चोरी मान्य केली. त्यांतली अर्धीकच्ची दृश्यं बघून लोकांनी नाकं मुरडली. कुणी ठणकावून सांगितलं, की गेममध्ये ग्राफिक्स सगळ्यात आधी पुरं होतं. आहे नेमकं उलटं. आधी करड्या ठोकळ्यांच्या भिंती आणि जिने उभारून उडी किती लांब, दार किती रुंद, ते जमवतात. पोत आणि प्रकाश यांवरचा हात शेवटपर्यंत फिरत असतो. त्या लीकच्या वेळी ‘कंट्रोल’ या देखणेपणासाठी नावाजलेल्या गेमच्या डिझायनरने आपलेच सुरुवातीचे ठोकळे लोकांपुढे ठेवले होते.

अपुऱ्या कामाच्या रूपावर जाऊ नये, हे बेटम्यात समजायला अवघड जाऊ नये. जवळच पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगचाचणी मार्ग आहे. त्या बाजूच्या रस्त्यावर कधी काळ्या-पांढऱ्या नागमोडी वेष्टणातली गाडी दिसते. ती चाचणीतली गाडी आहे हे ठाऊक असल्याने ती बघून कुणी ‘काय हा रंग!’ म्हणत नाही.

गेम घडण्याच्या अल्फा आणि बीटा या टप्प्यांचाही घोळ असतो. अल्फात गेमची मुख्य अंगं कशीबशी का होईना, चालत असतात. बीटापर्यंत बहुतेक सगळा माल आत आलेला असतो आणि उरते दुरुस्ती. सीमारेषा स्टुडिओगणिक बदलते. आणि बीटा म्हटला की तो आतलाच असतो असंही नाही. पुण्याच्या सुपरगेमिंगने ‘इंडस’ हा फोनवरचा गेम १६ ऑक्टोबर २०२४ला आणला, त्याआधी निवडक खेळाडूंना बंद बीटा दिला होता. शेकडो खऱ्या फोनांवर आणि खऱ्या नेटवर्कवर काय मोडतं, ते ऑफिसात बसून कळत नाही.

राहिला लाडका गैरसमज: गेमचा टेस्टर म्हणजे दिवसभर गेम खेळून पगार. युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासून आहे, आणि चाचणी हे तिथलं मोठं काम. टेस्टर गेम जिंकायला बसत नाही. एकाच भिंतीला चारही कोपऱ्यांतून धडकतो, भर उडीत मेनू उघडतो, कंट्रोलर काढून पुन्हा लावतो. मग नोंद लिहितो ती साधारण अशी: ‘बिल्ड अमुक. घोड्यावर बसा, नदीकाठी जा, नकाशा उघडून बंद करा. घोडा हवेत तरंगतो. १० पैकी ३ वेळा.’ हे ‘१० पैकी ३’ लिहायला तीच नदी दहादा गाठावी लागते. दुरुस्ती झाली की नव्या बिल्डवर परत तेच, कारण घोडा खाली आणताना कुणाचा तरी पूल हललेला असतो.

“मीपण करीन मामा. माझ्या गेममध्ये रोज गडबड होते.”

“कुठे? काय केल्यावर?”

त्याने जरा डोकं खाजवलं. “बस, होते.”